ब्रेकखालचा नारळ

दुसऱ्याच्या गाडीत बसायची वेळ आली की मी आधी नाकाला पदर लावते आणि मग आत पाय टाकते. नातवंडं म्हणतात, आजीला गाडी लागते. मला गाडी लागत नाही. मला गाडीवाल्यांची किळस येते.

सीटखाली वाकून बघितलंय का कधी कुणी? मी बघितलंय. वडापावचे तेलकट कागद, विडीची थोटकं, मोसंब्याची साल वाळून चामड्यासारखी झालेली, आणि एकदा तर अंधेरीच्या एका टॅक्सीत कोंबडीचं हाड. वर मात्र देवाचा फोटो, त्याला ताजा हार, बारीक लाल दिवा. म्हणजे देव वर, हाड खाली, आणि मध्ये आपण. दरवाजाची काच जिथे आत उतरते त्या फटीत पिचकाऱ्यांचे ओघळ सुकून विटेसारखे झालेले असतात. मागच्या काचेशी मान हलवणारा प्लास्टिकचा कुत्रा, त्याच्या दोन्ही बाजूंना लोकरीच्या उशा. एवढं सगळं रचल्यावर मागचं काही दिसत नाही, मग हॉर्न वाजवत सुटायचं. ब्रेकचं काम हॉर्नकडून करून घेणारी माणसं मी या मुंबईत इतकी बघितली की आता किळससुद्धा थकली.

माझ्या भावाच्या, लवूच्या, गाडीत मात्र मी कधी नाकाला पदर लावला नाही. गेल्या महिन्यात तो रिटायर झाला. कंपनीने त्याला शाल-श्रीफळ दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं. एका साहेबाने भाषणात सांगितलं की आमचा लवू फार देवभोळा, सत्तावीस वर्षं रोज सकाळी गाडीच्या पाया पडून मगच चावी लावायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लवू खाली मान घालून बसला होता. मी मागच्या खुर्चीवरून मनात म्हटलं, सत्तावीस वर्षं मागच्या सीटवर बसलात साहेब, आणि पुढचा माणूस काय करतो ते कळलं नाही.

कळलं नाही म्हणून हे लिहायला घेतलं. माझी शाळा दुसरीपर्यंत, तेव्हा काना-मात्रा जिथे चुकेल तिथे वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

लवू माझ्याहून आठ वर्षांनी धाकटा. आमचं गाव मालवणच्या अलीकडे. लग्न होऊन मी घाटकोपरला आले आणि पाच-सहा वर्षांनी लवूही आला. एकोणीस वर्षांचा होता. तो राजाराम म्हणून एका उस्ताद ड्रायव्हरच्या लॉरीवर क्लीनर लागला. कोकणातून आंबे, काजू, सुकी मासळी घेऊन लॉरी मुंबईला यायची. राजाराम हाताचा चांगला होता म्हणे, पण पायाशी पत्र्याचं टमरेल ठेवायचा, तोंड धुवायला. पान खाणारा माणूस, घडोघडी चूळ लागायची. लवू त्याला सांगायचा, उस्ताद, हे मागे ठेवू या. तो म्हणायचा, तू तुझं फडकं मार.

एकदा परतीला फोंड्याचा घाट उतरताना ते टमरेल लवंडलं आणि घरंगळत ब्रेकच्या मागे जाऊन बसलं. राजारामने पाय दाबला, तर ब्रेक खाली जाईना. लवू खाली वाकला, हात घालून टमरेल ओढायला लागला, आणि उस्ताद घाबरून वरून लाथा मारल्यासारखा ब्रेक दाबतोय. मध्ये लवूचा हात. लॉरी डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबली म्हणून दोघं वाचले. राजारामचा पाय गेला. लवूच्या डाव्या हाताची दोन बोटं तेव्हा जी वाकली ती आजपर्यंत सरळ झाली नाहीत. भाकरी थापताना सुगंधाला, म्हणजे त्याच्या बायकोला, कधी मदत केली की भाकरीच्या कडेला दोन खळगे पडतात.

त्यानंतर लवू विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात साहेब लोकांच्या गाडीवर लागला. कंपनीच्या चाळीत खोली मिळाली. रोज सकाळी गाडी काढायच्या आधी तो गाडीभोवती एक फेरी मारायचा. चारी टायरांना पायाच्या अंगठ्याने टोचायचा. आरसे पुसायचा, दिवे लावून बघायचा, एकदा उजवीकडचा, एकदा डावीकडचा. आणि शेवटी पुढचा दरवाजा उघडून खाली वाकायचा आणि तीच वाकडी बोटं ब्रेकच्या खाली, क्लचच्या खाली, सीटच्या खाली फिरवायचा. काही नाही ना, बघायचा. तोच हात कपाळावरचा घाम पुसायला वर जायचा. झालं, लांबून बघणाऱ्याला वाटायचं, नमस्कार केला.

एका मॅडमने तर त्याला गाडीत लावायला चांदीच्या चौकटीतला गणपती आणून दिला. लवूने तो घरी आणून भिंतीवर लावला. मी विचारलं, गाडीत का नाही रे लावलास? म्हणाला, "आक्का, माका समोर रस्तो दिसूक होयो. गणपतीक मी घरी बघतंय."

त्याला एकच मुलगी, मीरा. ती दहा-बारा वर्षांची असताना रविवारी गाडी धुवायला तो तिला बरोबर न्यायचा आणि स्टिअरिंगवर बसवायचा. गाडी बंद, चावी खिशात. नुसतं ओळखायला लावायचा. हा क्लच, हा ब्रेक, हा वायपर. आरशात बघ आणि डोळे मीट, मागे काय आहे सांग. मीरा सांगायची, एक सायकल, एक कुत्रा, कुंपण. मी हसायचे. म्हटलं, पोरीला काय ड्रायव्हर करणार आहेस? तो म्हणाला, चालवायला नको, पण बसायला तरी कळलं पाहिजे. मला तेव्हा ते वेडेपण वाटलं होतं.

आता मीराच्या लग्नाचं सांगते. शहाऐंशीचा मे महिना.

मुलगा चंद्रप्रकाश, टेलिफोन खात्यात. माणूस निर्व्यसनी, बोलायला कमी. त्याची आई विधवा, आणि सगळा कारभार तिच्या भावाच्या हातात. हा मामा म्हणजे धोंडिराम. चारकोपला नवीन सेक्टर पडत होते, तिथे बांधकामाची कंत्राटं घ्यायचा. बहिणीची खोलीही तिथेच, नवा रंग लावलेली. कोकणातलीच माणसं, आपल्यातलीच, पण पैसा नवीन आला की माणसाच्या मानेला जे होतं ते धोंडिरामच्या मानेला झालं होतं. ती खाली वळत नसे.

लग्न विक्रोळीच्या एका हॉलमध्ये होतं. सकाळपासून लवू वाकत होता. वरपक्षाच्या वडीलधाऱ्यांच्या पाया पड, मामाच्या पाया पड, मामाच्या काकाच्या पाया पड. मुलीचा बाप म्हणजे दिवसभर कमरेत मोडलेला माणूस, ही आपल्याकडची रीत. धोंडिरामने काय काय केलं ते सगळं लिहायचं तर वही पुरणार नाही. जिलबी कडक म्हणून ताट सरकवलं. हात धुवायला गरम पाणी मागितलं, मे महिन्यात. आणि हॉलच्या मागे, जिथे आचाऱ्यांची भांडी घासत होते, तिथे त्याची चार-पाच माणसं बाटली घेऊन बसली होती. मी उष्ट्या पत्रावळी कुठे टाकतात ते बघायला गेले तर एक जण आमच्याच द्रोणातून पीत होता आणि दुसरा बाजूलाच भिंतीशी उभा राहून लघवी करत होता. मला बघून त्याने नुसती पाठ फिरवली, थांबला नाही. त्या पिणाऱ्यांमध्ये धोंडिरामचा मुलगा नंदू होता. पंचवीस-सव्वीसचा असेल. केसाला तेल, गळ्यात साखळी.

मी परत येऊन कुणाला काही सांगितलं नाही. वरपक्षाचं आहे, म्हटलं, गिळा. त्याची मला अजून स्वतःचीच किळस येते, कारण चार वाजता कळलं की नवरीची गाडी नंदूच चालवणार आहे.

गाडी म्हणजे मामाची पांढरी फियाट. सजवून दारात उभी केली होती, आणि बायका तोंडाला हात लावून बघत होत्या, काय सुंदर, काय सुंदर. पुढच्या काचेवर झेंडूच्या माळांची अख्खी जाळी. ड्रायव्हरच्या समोर वाटीएवढं भोक. बॉनेटवर बाहुली बांधलेली, ती उभी राहिली की त्या भोकाच्या नेमकी मध्ये. मागच्या काचेवर थर्मोकोलची मोठी अक्षरं, चंद्रप्रकाश आणि मीरा, मध्ये एक लाल बदाम. बाहेरचा आरसा जरीच्या फितीने गुंडाळलेला. म्हणजे पुढे दिसत नाही, मागे दिसत नाही, बाजूला दिसत नाही, आणि चालवणारा द्रोणातून प्यायलेला.

मी पाठराखीण होते, म्हणजे नवरीबरोबर तिच्या सासरी एक रात्र राहायला जाणारी. मीराला आत बसवलं, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला चंद्रप्रकाश. पुढे नंदू आणि धोंडिराम. आत शिरताच तो वास आला. दारू, त्यावर पान, त्यावर मोगऱ्याचं अत्तर. नंदूने बूट काढून बाजूला टाकले होते आणि नुसते मोजे घालून बसला होता. त्या मोज्यांचा वास वेगळा सांगत नाही. खाली सुपारीच्या पुड्या, राख, आणि एक ओली चिंधी कसली ते देव जाणे. मीराने शालूचा घोळ गुडघ्यांपर्यंत उचलून धरला.

बाहेर सुगंधा रडत होती. आई-बाप मुलीबरोबर जात नाहीत, तेव्हा त्यांचा निरोप इथेच. बाकीच्या बायकाही रडायला लागल्या, ज्यांचा काही संबंध नव्हता त्यासुद्धा. लवू रडत नव्हता. तो गाडीभोवती चालत होता. मी काचेतून बघितलं, तो टायरांना अंगठा लावत होता. पांढरा टोपी-सदरा घातलेला, कपाळाला कुंकू, आणि चारी चाकांना अंगठा. म्हटलं, आता हा काहीतरी करणार.

तो ड्रायव्हरच्या बाजूला आला, दरवाजा उघडला आणि वाकला.

नंदूला वाटलं, पाया पडतोय. दिवसभर तो सगळ्यांच्या पडलाच होता. नंदू मागे सरकून हसला आणि म्हणाला, "अहो काका, माझ्या कसले पाया पडता, मी लहान आहे." धोंडिरामने मात्र समाधानाने मान हलवली. बाहेर कुणीतरी म्हणालं, मुलीचा बाप असावा तर असा.

लवू वर आला तेव्हा त्याच्या हातात नारळ होता. हळद-कुंकू लावलेला, शेंडीवाला. वाकड्या बोटांना लाल थुंकी लागलेली. नंदू दरवाजा उघडायचे कष्ट न घेता पायाशीच थुंकत होता, म्हणून.

तो नारळ कसला ते सांगायला हवं. धोंडिरामच्या घराण्यात रीत होती की नवरी सासरच्या दारात आली की तिच्यावरून नारळ ओवाळून फोडायचा. तो नारळ नवरीच्या पुढे पुढे घरापर्यंत जायला हवा, मागे राहिला तर चालत नाही. आणि कुणाच्या पायाशी ठेवलेला चालत नाही, कुणी ओलांडलेला चालत नाही. एवढं सगळं सांभाळायचं म्हणून धोंडिरामने तो पुढे काचेखाली ठेवला, तिथे घरंगळायला लागला, म्हणून नंदूने ड्रायव्हरच्या सीटखाली सरकवला. म्हणजे नवरीच्या पुढे राहिला, कुणी ओलांडला नाही, सगळ्यांचा मान राहिला. आणि तो तिथून पुढे येऊन ब्रेकच्या मागे बसला होता.

धोंडिराम म्हणाला, "नारळाला हात कशाला लावला? ओवाळणीचा आहे तो."

"ब्रेकखाली होता," लवू म्हणाला.

धोंडिराम म्हणाला, मग काय झालं, लागला असता पायाला तर काढला असता, नंदू गेली पाच वर्षं गाडी चालवतोय, अजून एक ओरखडा नाही. लवूने नारळ सीटवरून मागे माझ्या मांडीवर दिला. मग आत हात घालून चावी फिरवली, काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

एवढं झालं आणि रडणाऱ्या बायका डोळे पुसून पुढे सरकल्या.

धोंडिराम खाली उतरला. त्याचा आवाज मोठा नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाला की मुलीच्या बापाने वराची गाडी अडवली, असं आमच्या सात पिढ्यांत झालेलं नाही. चावी द्या आणि दोन्ही हात जोडून माफी मागा. नाहीतर मुलगी उतरवून घ्या, आम्ही रिकामी गाडी नेतो. मंगळसूत्र तेवढं परत द्या.

सुगंधा लवूच्या पायाशी बसली. "अहो, द्या ना ती चावी," म्हणाली, "तिचा संसार मोडेल ओ." तिच्या भावाने लवूचा दंड धरला. आमच्याकडची सगळी माणसं, सकाळपासून आमच्याच पंक्तीत जेवलेली, लवूकडे असं बघत होती की जणू त्यानेच काहीतरी घाण केली आहे. त्या नजरांची मला जेवढी शिसारी आली तेवढी त्या थुंकीचीही आली नव्हती. आणि चंद्रप्रकाश मीराच्या पलीकडे मांडीवर हात ठेवून बसलेला. नवरदेव. तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, याला मुंडावळ्या काय बांधल्या, कुलूपच लावलं.

मी भाऊ ओळखते, तो भांडणारा नाही. त्याने जन्मात साहेबाला उलट उत्तर दिलं नव्हतं. तो खिशातल्या चावीवर हात ठेवून उभा होता आणि मला दिसत होतं की आणखी थोडा वेळ गेला तर तो ती देईल.

तेवढ्यात मीरा बोलली. मुंडावळ्या बाजूला केल्या आणि खिडकीतून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, आरसापण झाकलाय."

बस, एवढंच. लवूने तिच्याकडे बघितलं. मग तो गाडीच्या पुढे गेला आणि झेंडूच्या माळा काढायला लागला. ओरबाडल्या नाहीत. गाठी सोडवल्या, एकेक माळ वळून पायरीवर ठेवली. बाहुली सोडून सुगंधाच्या हातात दिली. आरशाची जरीची फीत काढली. मागची थर्मोकोलची अक्षरं उपटली, त्यातला बदाम तेवढा मोडला. सगळे बघत उभे. खिशातून रुमाल काढून त्याने काच पुसली, आधी पुढची, मग मागची. मग नंदूच्या दारात येऊन म्हणाला, "नंदू, माझ्या तोंडावर फुंकर घाल."

नंदूने बापाकडे बघितलं.

"घाल," लवू म्हणाला. "तुझ्या मामेभावाची... नाही, आतेभावाची बायको आहे आत. घाल फुंकर."

नंदूने तोंड उघडलंच नाही. न उघडता सगळ्यांना कळलं. तो मोज्यांनीच खाली उतरला आणि बूट हातात घेऊन गर्दीत शिरला. धोंडिरामने पोराची पाठ बघितली. पण हार मानणाऱ्यातला तो नव्हे. म्हणाला, मग चालवणार कोण? तुम्ही? पाठवणीत बाप येतो कुठे? लोक तोंडात शेण घालतील.

लवूने डोक्यावरची टोपी काढली आणि सुगंधाकडे दिली. म्हणाला, "बाप इथेच राहिला, असं समजा. मी ड्रायव्हर."

आणि वाकला. पुन्हा एकदा बोटं ब्रेकखाली फिरवली, त्या चिंधीला धरून बाहेर टाकली, सुपारीच्या पुड्या गोळा करून टाकल्या, हात सदऱ्याला पुसला आणि स्टिअरिंगवर बसला. धोंडिराम शेजारी बसला. बसणार नाही असं म्हणून बघितलं, पण गाडी त्याची होती.

निघालो. धोंडिरामने राग गिळायला नवीन पान तोंडात घातलं होतं. गाडीने वेग घेतला तसा त्याने खिडकीतून बाहेर तोंड काढलं आणि पिचकारी मारली. ती वाऱ्याने उलटी फिरली आणि मागच्या खिडकीतून माझ्या गालावर. ओली, कोमट. आयुष्यात मी बाळंतिणींची धुणी धुतली, सासऱ्याची शेवटची दोन वर्षं काढली, पण अशी किळस कधी आली नव्हती. मी पदराने गाल पुसत होते तोवर लवूने गाडी बाजूला घेऊन थांबवली. म्हणाला, "मामा, काच वर करा." धोंडिराम म्हणाला, उकडतंय. लवू गाडी सुरू करेना. शेवटी धोंडिरामने हॅन्डल फिरवून काच वर केली आणि तोंडात सगळा रस धरून, गाल फुगवून बसला.

पवई मागे पडली. पुढे उतार लागतो, तिथे तेव्हा खडीच्या खाणी होत्या. रस्त्याच्या कडेला पांढरी धूळ, झाडं पीठ फासल्यासारखी. लवू सावकाश उतरत होता. मागून एक जण हॉर्न वाजवून पुढे गेला, मग दुसरा. धोंडिरामने बोटाने खूण केली, घ्या ना पुढे. लवूने घेतली नाही. आणि डावीकडच्या कच्च्या वाटेने खडीचा डंपर न बघता, न थांबता सरळ रस्त्यात आला.

लवूने ब्रेक दाबला. पाय पार खाली गेला. गाडी जागच्या जागी थरथरून उभी राहिली. मीरा पुढच्या सीटवर हात टेकून सावरली, चंद्रप्रकाशचं कपाळ सीटला आपटलं, माझ्या मांडीवरचा नारळ उडाला तो मी पोटाशी धरला. डंपरची मागची फळी आमच्या बॉनेटपासून हातभर लांब. जिथे बाहुली होती तिथे. वरून थोडी खडी टपटप काचेवर पडली.

डंपर निघून गेला. धोंडिरामने तोंडातला सगळा ऐवज गिळला होता. डोळ्यांत पाणी, घशात ठसका. मी नारळ पोटाशी धरून बसले होते आणि मला एकच विचार येत होता की हा आत्ता कुठे असता.

लवूने आरशात बघितलं, डाव्या खांद्यावरून मागे बघितलं, आणि गाडी काढली. पुढे चारकोप येईपर्यंत कुणी उकडतंय म्हणालं नाही.

चारकोपला रस्ते अजून झाले नव्हते. सेक्टरच्या तोंडाशी गाडी उभी करून लवू आतच बसून राहिला. तो ड्रायव्हर म्हणून आला होता, तेव्हा त्याने उंबरठ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही उतरलो. चंद्रप्रकाशची आई दारात आरती घेऊन उभी होती. धोंडिरामने माझ्याकडून नारळ घेतला, मीरावरून तीनदा ओवाळला आणि पायरीच्या दगडावर आपटला.

नारळ नासका होता. आत पाणी नाही, काळी-पिवळी बुरशी, आणि असा वास की दारातल्या बायका दोन पावलं मागे सरल्या. ओवाळलेला नारळ नासका निघणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या बाईला सांगावं लागत नाही. सगळ्या मीराकडे बघायला लागल्या. तिचे पाय अजून उंबरठ्याबाहेर होते.

धोंडिरामला हवं होतं ते मिळालं. म्हणाला, बघितलंत? बापाने पाठवणीत पाय टाकला, नारळाला खरकटा हात लावला, म्हणून हे. अशी नवरी घरात घ्यायची म्हणजे विचार करायला हवा.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दिवसभर न बोललेला माणूस बोलला. कपाळावर टेंगूळ आलेला चंद्रप्रकाश. आवाज चिरकला त्याचा.

"मामा, नारळ आपलाच होता. तूच आणलास." मग आईकडे वळून म्हणाला, "आई, हा ब्रेकखाली होता. त्यांनी काढला नसता तर आम्ही सगळे आता पवईला रस्त्यावर असतो. तू हिला आत घे."

त्याच्या आईने भावाकडे बघितलं, मग त्या दगडावरच्या घाणीकडे. तिने आरतीचं ताट बाजूला ठेवलं, स्वतः बादलीभर पाणी आणून पायरी धुतली, आणि मीराच्या पायावरही तेच पाणी घातलं. "ये गो," म्हणाली. माप ओलांडून मीरा आत गेली.

लवूने ते गाडीतून बघितलं. मग तो उतरला. चंद्रप्रकाश पाणी घेऊन त्याच्याकडे गेला, तर त्याने ते घेतलं नाही. मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही, एवढी रीत त्याने पाळली. गाडीची चावी धोंडिरामच्या हातात न देता जावयाच्या हातात दिली. काय म्हणाला ते मला नंतर चंद्रप्रकाशनेच सांगितलं. "बसायच्या आधी खाली हात घालून बघ." आणि टोपी नसलेल्या डोक्याने, थुंकीचे डाग पडलेला लग्नातला सदरा घालून तो धुळीतून बस स्टॉपकडे चालत गेला.

धोंडिराम पुढे दोन वर्षं बहिणीच्या घरी आला नाही. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, फक्त पायरी स्वच्छ राहिली. मीराला मुलगी झाली. मीरा अजून रिक्षात बसायच्या आधी वाकून रिक्षावाल्याच्या पायाशी बघते, आणि रिक्षावाले विचारतात, ताई, काही पडलं का.

तर गेल्या महिन्यात लवूचा तो सत्काराचा कार्यक्रम झाला. कंपनीने मान म्हणून त्याला कंपनीच्या गाडीतून घरी सोडलं, बरोबर मीही होते. सत्तावीस वर्षं कंपनीची गाडी चालवली, आणि पहिल्यांदा तो मागे बसला. नवीन ड्रायव्हर नेमला होता, चुणचुणीत. चार दिवसांत त्याने आरशाला जपमाळ टांगली होती आणि काचेच्या फटीत पहिला लाल ओघळ आला होता. मी नाकाला पदर लावला.

तो अदबीने मागे वळून म्हणाला, "लवूमामा, श्रीफळ द्या इकडे, सीटखाली ठेवतो. तुम्ही आरामात बसा."

लवूने नारळ दिला नाही. घरी पोचेपर्यंत दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसला.